मधूने न दिलेलं वाक्य

मधुकर केळशीकर तुमच्या पाहण्यात आला नसेल, आणि तेच त्याच्या कामाचं प्रशस्तिपत्र. चाळीस वर्षं तो प्रॉम्प्टर. आमच्या कोलकात्याच्या मराठी मंडळाचं गणपतीतलं एकही नाटक त्याच्या कुजबुजण्यावाचून पार पडलेलं नाही. मी त्या रंगमंचावर राणी झाले, कलावंतीण झाले, तीन वेळा विधवा झाले. आणि प्रत्येक जन्मात कुठे अडखळले की डाव्या विंगेतून वाक्याचा पहिला तुकडा यायचा. तेवढाच. "पूर्ण वाक्य दिलं की नटाचा अपमान होतो, ताई," असं तो म्हणायचा.

पोटासाठी तो बराकपूरला बँकेत होता. निवृत्त झाला, दोन वर्षांनी बायको गेली, आणि बेहालाच्या त्याच्या दोन खोल्यांत कुजबुजायलाही कोणी उरलं नाही. तेव्हा टॉलीगंजकडच्या एका स्टुडिओत त्याला काम मिळालं. बंगाली मालिकांचं असं असतं, की त्या दिवसाचे संवाद त्याच सकाळी येतात. नटाच्या तोंडाला रंग लागत असतानाच त्याच्या हातात कागद पडतात. पाठ करायला वेळ कोणाला? म्हणून कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर बसून कोणीतरी वाक्यं पुरवावी लागतात. बंगाली मधूला जन्मापासून येत होतं. केळशीकर हे आडनाव मात्र तिथे कोणाच्या तोंडात बसेना. तो सगळ्यांचा मधुदा झाला.

गेल्या वर्षी त्याने मलाही तिकडे ओढलं. मालिका अंतराळातली होती. एका ग्रहाच्या वृद्धसभेसाठी पांढऱ्या केसांची बारा माणसं हवी होती. बोलायचं काही नाही, चंदेरी अंगरखे घालून गंभीर बसायचं.

"मी? आणि न बोलता बसायचं?" मी म्हटलं. "कसला सूड उगवतोयस माझ्यावर?"

"सुडाचीच गोष्ट आहे, ताई. या तर खरं."

यान पाहून मला हसू आवरेना. दुर्गापूजेचे मांडव सजवणाऱ्या कारागिरांनी ते थर्माकोलचं केलं होतं, आणि बटणं म्हणजे औषधाच्या बाटल्यांची झाकणं. पण दिवे लागले आणि झाकणं तारे झाली. मी मनातल्या मनात नमस्कार केला. कुठेही असो, ती जागा शेवटी आपलीच.

गोष्ट साधी होती. एक तरुण मुलगी, यानाची कप्तान. तिचा ग्रह एका सेनापतीने जाळला. दोनशे भाग ती त्याचा पाठलाग करत होती. वाटेत तिने दोन निरपराध वस्त्या पेटवल्या, एका मैत्रिणीला बिनहवेच्या खोलीत सोडून दिलं. तिचे हात सेनापतीइतकेच काळे झाले होते. पण बघणाऱ्यांना त्याचं काही नव्हतं. 'कधी मारणार त्याला?' एवढंच ते विचारत होते.

तो सेनापती होता श्यामसुंदर पाळंदे.

श्याम भवानीपूरच्या मराठी घरात जन्मलेला, पण बंगाली असं बोलायचा, की बंगाली नट त्याच्याकडून उच्चार तपासून घेत. काय आवाज! नुसतं "दार लाव" म्हणाला तरी शेवटच्या रांगेतला माणूस उठून दार लावेल. टीव्हीवर त्याने तीस वर्षं जमीनदार, न्यायाधीश, खुनी आणि सासरे रंगवले.

आम्ही तिघं एकदा एकाच एकांकिकेत होतो. त्रेचाळीस वर्षं झाली. जबलपूरला महाराष्ट्राबाहेरच्या मंडळांची स्पर्धा होती. मुख्य भूमिका मधूची. होय, मधूची; तेव्हा तो नट होता, आणि माझ्याहून सरस. शेवटी त्याचं दीड पानाचं स्वगत होतं, आणि त्याच्या आधीचं वाक्य श्यामचं. श्यामने ते वाक्य म्हटलंच नाही. दोन पानं पुढचं म्हटलं. मधूचं स्वगत मध्येच गडप झालं आणि तो तोंड उघडं टाकून उभा राहिला. कुठून सुरू करावं ते त्याला सुचेना. मग श्यामनेच वेळ मारून नेली, पदरची चार वाक्यं जोडली आणि टाळ्या घेतल्या. रौप्यपदक त्याला मिळालं. परीक्षकांपैकी एकाने त्याला टीव्हीचा रस्ता दाखवला. मधू पुन्हा कधी प्रकाशात उभा राहिला नाही. विंगेत जाऊन बसला.

"त्याने मुद्दाम केलं," तो सांगायचा. "पानं गाळताना माझ्याकडे बघून हसला."

मी तिथेच होते, मधूची आई होऊन. मला हसू दिसलं नव्हतं. पण मी प्रेक्षकांकडे तोंड करून रडत होते, मला काय दिसणार? श्यामला मी कधी विचारलं नाही. तो मोठा होत गेला आणि प्रश्न लहान होत गेला.

आता मात्र श्याम विसरायला लागला होता. डॉक्टरांनी त्या आजाराला नाव दिलं होतं, पण त्याच्या मुलीने, लीनाने, ते कोणाला सांगितलं नव्हतं. ती एका दुपारी मधूच्या घरी आली. "मधुकाका, घरी बसले तर बाबा संपून जातील. सेटवर सहा तास ते एकदम ठीक असतात. तुम्ही फक्त कानात बोला ना." पांढऱ्या टोपाखाली लपेल असं एक बारीक यंत्र श्यामच्या कानात बसवायचं, आणि मधूने यानाच्या इंजिनामागे बसून बटण दाबायचं, हळूच बोलायचं. इतरांना सांगायचं, की श्यामदादांना हल्ली कमी ऐकू येतं. खरं कळलं तर चॅनलवाले त्याला एक दिवसही ठेवणार नव्हते.

मधू हो म्हणाला. त्याच संध्याकाळी माझ्याकडे आला.

"ताई, त्याचा शब्द न् शब्द आता माझ्या अंगठ्याखाली आहे."

"मग?"

"मग काही नाही."

चार महिने त्याने एक वाक्य चुकवलं नाही. आणि चार महिन्यांत तो निम्मा झाला. शॉट लागायच्या आधी तो तीनतीनदा ते यंत्र तपासायचा, मग अंगठा दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून बसायचा. कोणापासून तो काय सांभाळत होता ते मला कळायचं. मी त्याच्याशी बोलायची वेळ टाळू लागले, हेही कबूल करते.

मग तो दिवस आला. नोव्हेंबरातला. कप्तान अखेर सेनापतीला गाठते. पण त्याच्याच सरकारने शिक्षा म्हणून त्याची स्मृती पुसून टाकलेली असते. तो एका काचेच्या घुमटाखाली वांगी लावत असतो. ती त्याच्या कपाळावर शस्त्र टेकवते. "आठव! आठवल्याशिवाय मी तुला मारणार नाही." आणि सेनापती म्हणतो, "मला आठवत नाही. पण तुम्ही इतक्या लांबून आलात, म्हणजे मी केलंच असेल."

सकाळी मधू तो कागद घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

"हे कोणी लिहिलंय? कोणाला काय माहीत आहे?"

"अरे, लिहिणारं पोर पंचविशीचं आहे. जबलपूर त्याने नकाशातसुद्धा पाहिलं नसेल. चांगलं लिहिलंय, बस."

तो तडक श्यामच्या खोलीत गेला. मी मागोमाग. श्याम आरशासमोर बसला होता आणि लीना त्याचा टोप नीट करत होती.

"श्याम, जबलपूर आठवतं?"

श्यामचा चेहरा उजळला. "जबलपूर! काय थंडी रे! या आशाने माझी शाल पळवली होती." हे खरं होतं; मीच पळवली होती. "आणि मधू, तुझं ते स्वगत! दीड पान! अख्खं सभागृह गार. मी विंगेत उभा राहून रडलो. पदक तुलाच मिळालं ना? मिळायलाच हवं होतं, गाढवा."

तो थट्टा करत नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

मधू बाहेर आला आणि भिंतीला टेकला. "ताई, तेही नेलं त्याने."

"काय नेलं?"

"त्याने माझं वाटोळं केलं, एवढी एकच गोष्ट आमच्या दोघांची होती. ती आता त्याच्याकडे नाही. मी एकटा ती घेऊन कुठे जाऊ?"

"मधू, आज वाक्यं देशील ना?"

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिनामागे जाऊन बसला.

चॅनलची माणसं खास पाहायला आली होती. आम्ही बारा म्हातारे घुमटाबाहेर अर्धवर्तुळात बसलो. माझ्या जागेवरून मधू दिसत होता. दिग्दर्शक ऋषभ, तिशीतला उत्साही पोरगा, ओरडला, आणि कप्तान झालेल्या मुलीने शस्त्र टेकवलं. "आठव! आठवल्याशिवाय मी तुला मारणार नाही."

श्याम गप्प.

मी मधूकडे पाहिलं. त्याचा अंगठा बटणाशेजारी होता. बटणावर नव्हता.

रंगमंचावर तीन क्षण गेले तर ते तीन वर्षांचे असतात, आणि इथे तर कितीतरी गेले. श्यामचे डोळे त्या मुलीच्या चेहऱ्यावरून सरकले, घुमटाकडे गेले, वांग्यांकडे, आमच्याकडे. त्याने तोंड उघडलं, मिटलं. मुलगी अभिनय विसरून खरोखरच रडायला लागली आणि तिचं शस्त्र खाली आलं.

"कट!"

आता गोंधळ होणार, म्हणून मी डोळे मिटले. उघडले तर ऋषभ श्यामच्या पाया पडत होता. "दादा! काय विराम! वाक्य गाळलंत तेच बरोबर, त्या वाक्याची गरजच नव्हती!" चॅनलच्या बाई डोळे पुसत होत्या. टाळ्या पडल्या. खोटं कशाला सांगू, मीही वाजवल्या. साठ वर्षं या धंद्यात काढलेली मी, मला वाटलं श्यामने आम्हा सगळ्यांना खिशात टाकलं. चोरून मधूकडे पाहिलं, तर त्याचा चेहरा राखेसारखा.

"आता क्लोजअप," ऋषभ म्हणाला. "मग मुलीच्या खांद्यावरून, मग बाजूने. मधुदा, काही देऊ नका हां. दादा आपलं आपण करतायत."

दुसऱ्यांदा तेच. शस्त्र, वाक्य, शांतता. पुन्हा वाहवा.

ती वाहवा चालू असताना मधूला काय दिसत होतं, ते त्याने मला नंतर सांगितलं. तो खाली बसतो, त्यामुळे त्याला नटाचा चेहरा दिसत नाही, पाय दिसतात. "विराम घेणारा नट चवड्यांवर असतो, ताई, पुढे यायला तयार. वाक्य गेलेला माणूस टाचांवर जातो. श्याम टाचांवर होता. आणि उजव्या हाताने अंगरख्याची शिवण चाचपत होता, गर्दीत हरवलेलं पोर आईचा पदर चाचपतं ना, तशी."

तिसऱ्या वेळी दिवे लागले, आणि ऋषभने आवाज द्यायच्या आधी श्यामने हळूच विचारलं, "मधू कुठे आहे?"

लोक हसले. त्यांना वाटलं, दादा गंमत करतायत.

मधू उठला आणि सरळ कॅमेऱ्यासमोर आला. "बंद करा हे."

"मधुदा! फ्रेममध्ये आलात!"

"त्यांना आठवत नाही."

"अहो, तोच तर सीन आहे!"

"सीन गेला खड्ड्यात. त्यांना खरंच आठवत नाही. आजार आहे. चार महिने मी कानात वाक्यं घालतोय. आत्ता आपण कुठे आहोत तेही त्यांना कळत नाहीये. थांबवा!"

श्याम मधूला पाहून सुटकेने हसला. लीना पुढे आली, वडिलांचा हात धरला आणि कोणाकडेही न बघता त्यांना घेऊन गेली.

त्यानंतरचं थोडक्यात सांगते. चॅनलवाले सभ्यपणे वागले. पुष्पगुच्छ आला, संदेश मिठाईची मोठी पेटी आली, आणि श्यामचं काम गेलं. अंतराळाच्या गोष्टीत माणूस बदलणं सोपं असतं. पुढच्याच भागात सेनापतीला नवा देह मिळाला, पस्तिशीच्या एका नटाचा, आणि एका झटक्यात सगळं आठवलंही. मग कप्तानने त्याला पुष्कळ उजेड पाडून मारलं. पाहणारे खूश झाले. दोन दिवस. मग ते विचारू लागले, आता पुढे काय? पुढे तिला करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. महिन्याभरात मालिका बंद पडली.

आणि एक चूक माझ्याकडून झाली. लीनाची समजूत घालायला गेले आणि जबलपूरची हकिकत बोलून बसले. 'तो वाईट नाही गं, जुनी जखम आहे' अशा थाटात. माझ्या जिभेला हाड नाही. लीनाने त्याच दिवशी मधूला फोन केला.

"मधुकाका, बदला पूरा हो गया? मराठीत याला काय म्हणतात मला माहीत नाही."

मधूने ते मला सांगितलं तेव्हा तो माझ्या गॅलरीत येरझारा घालत होता, बसायला तयार नव्हता. "पहिल्या वेळी गप्प बसलो तो सूड होता, ताई. त्यात मला शंका नाही. आणि त्याचं टाळ्यांत मातेरं झालं. पण उठून उभा राहिलो ते काय होतं? 'दादांना आज बरं नाही,' एवढं म्हणालो असतो तरी भागलं असतं. सगळ्यांसमोर आजार का सांगितला? चॅनलच्या लोकांसमोर?"

"घाईत माणूस खरं बोलून जातो रे."

"घाईत माणूस मनातलं बोलून जातो."



तीन आठवडे लीनाने त्याला दार उघडलं नाही. मग उघडलं, कारण श्याम सारखा मधू, मधू करत होता. तेव्हापासून दर मंगळवारी मधू भवानीपूरला जातो आणि श्यामला सांगतो, की तुझं काम मी घालवलं. पहिल्यांदा श्याम रडला. दुसऱ्यांदा पेकाटात लाथ घालीन म्हणाला, घराबाहेर काढलं, आणि मधू जिना उतरतोय तोच वरून हाक मारली, "अरे मधू! न भेटता कुठे चाललास?" एकदा नुसता हसला. एकदा माफ केलं, मधूच्या डोक्यावर हात ठेवून, अगदी तिसऱ्या अंकासारखं. पण शिवी काय आणि माफी काय, पुढच्या मंगळवारपर्यंत काहीच टिकत नाही.

"मग सांगतोस कशाला?" मी चिडून विचारलं. "त्याचेही हाल, तुझेही."

"न सांगता त्याच्यासमोर चहा पीत बसलो, ताई, तर मी पुन्हा गप्प बसलो असं होईल."

गेल्या मंगळवारी मी बरोबर गेले. घंटेकडे त्याचं बोट तीनदा गेलं आणि तीनदा मागे आलं. शेवटी मीच वाजवली. लीनाने दार उघडलं. "आज जरा हळू बोला, काका. सकाळपासून बाबा बेचैन आहेत."

श्याम इस्त्रीचा कुर्ता घालून, भांग पाडून, खिडकीशी उभा होता. "गाडी आली का? शूटिंगचा कॉल किती वाजताचा आहे?"

"गाडी येणार नाही, श्याम," मधू म्हणाला. त्याचा आवाज मला जेमतेम ऐकू आला. "तुझं काम गेलं. मी घालवलं."

श्याम वळला. त्या दिवशी त्याची नजर स्वच्छ होती, अगदी पूर्वीसारखी, आणि मला भीती वाटली.

"मुद्दाम?"

हे त्याने याआधी कधी विचारलं नव्हतं. लीना स्वयंपाकघराकडे निघाली होती, ती दारातच थांबली. मधूचे ओठ हलले. 'नाही' म्हण, मी मनातल्या मनात ओरडले. अरे, नाही म्हण, सुटशील.

"माहीत नाही," मधू म्हणाला.

श्यामने मान हलवली, समजल्यासारखी, आणि शेजारची खुर्ची पुढे ओढली.

"मग बस," तो म्हणाला. "कळलं की सांग."

मधू खुर्चीच्या अगदी कडेवर बसला. लीना दारातून हलली नव्हती.